अन्यायाचा कागद वाचायला शिका

अन्याय पाहून चीड येणे हे तरुण असल्याचे लक्षण मानले जाते, आणि ते बरोबरच आहे. ती चीड महिना-दीड महिन्यात ओसरते, हेही तितकेच खरे. मोर्चा निघतो, घोषणा होतात, मोबाइलवरचा फोटो बदलतो; मग परीक्षा येते, गणपती येतात, आणि ज्याच्यासाठी घसा कोरडा केला तो माणूस होता तिथेच राहतो. यात मुलांचा दोष कमी आहे. त्यांना पद्धत कुणी शिकवलेलीच नसते. नागरिकशास्त्र आपल्याकडे इतिहासाच्या शेपटाला बांधलेले असते. ग्रामसभेची गणपूर्ती कशी मोजतात, हजेरीपट कसा दिसतो, अपील कुणाकडे करायचे, हे बारावी होईपर्यंत कुणी सांगत नाही. जग थोडे अधिक न्याय्य व्हावे असे ज्यांना मनापासून वाटते, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशा अठरा ते पंचविशीतल्या वाचकांसाठी हा लेख आहे. सांगायचे आहे ते एवढेच: आवाक्यातला एक प्रश्न धरा, त्याचा कागद मिळवा, प्रश्न ज्यांचा आहे त्यांच्यासोबत बसून तो वाचा, आणि त्याच जागी टिकून राहा. भाषणे आणि घोषणा त्यामागून येऊ द्यात.

याचा सर्वांत ठळक दाखला राजस्थानातला आहे. राजसमंद जिल्ह्यातल्या देवडूंगरी या छोट्या गावात १९८७ मध्ये काही माणसे एका मातीच्या घरात राहायला आली: प्रशासकीय सेवेतली नोकरी १९७५ मध्ये सोडलेल्या अरुणा रॉय, गावोगाव कठपुतळ्यांच्या खेळांतून लोकांशी बोलणारे शंकर सिंह व त्यांचे कुटुंब, आणि ऐन पंचविशीतले निखिल डे. देशाला माहितीचा कायदा मिळवून द्यायचा असे काही ठरवून ती आली नव्हती. आसपासच्या लोकांचे गाऱ्हाणे साधे होते. दुष्काळी कामावर दिवसभर राबूनही किमान वेतन हातात पडत नाही. का नाही? कारण तुम्ही माप भरले नाही. मग माप दाखवा. ते मोजमाप पुस्तकात आहे. मग पुस्तक दाखवा. ते सरकारी दप्तर आहे, ते मिळणार नाही. मजुरीचा प्रश्न असा पायरीपायरीने कागदापाशी येऊन थांबला. १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संगठन स्थापन झाले, आणि २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे पहिली जनसुनवाई झाली. कशाबशा मिळवलेल्या हजेरीपटांवरची नावे मांडवात मोठ्याने वाचली गेली. त्या कामावर कधी पाऊलही न ठेवलेल्यांची नावे त्यात होती. अर्धवट राहिलेले बांधकाम कागदावर पूर्ण झालेले होते. ऐकणाऱ्यांना कुणी भ्रष्टाचारावर व्याख्यान दिले नाही, द्यावे लागलेही नाही. आपलेच नाव, आपलाच न केलेला अंगठा आणि आपल्याला न मिळालेली रक्कम त्यांनी ऐकली. पुढे १९९६ मध्ये ब्यावर इथे चाळीस दिवसांचे धरणे झाले, २००० मध्ये राजस्थानचा कायदा आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर माहितीचा अधिकार लागू झाला. १९८७ ते २००५ म्हणजे अठरा वर्षे. यातली बरीचशी वर्षे ज्या चळवळीला ‘स्थानिक’ म्हणून दुर्लक्षता आले असते, तिने देशाचा कायदा बदलला.

या गोष्टीतून बहुतेक लोक चिकाटीचा धडा काढतात. तो चुकीचा नाही, पण त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे प्रश्न बारीक करण्याची रीत. ‘शोषण’ हा शब्द कुठल्याही कार्यालयात नेऊन उत्तर मिळत नाही. अमुक महिन्यात, अमुक कामावर, अमुक मजुरांना ठरल्यापेक्षा किती कमी पैसे दिले, या प्रश्नाचे उत्तर कुणाला तरी द्यावेच लागते. आणि ते दिले नाही तर लपवाछपवी उघड दिसते. तुम्हाला शिक्षणातली विषमता छळत असेल, तर तुमच्या तालुक्यातल्या एका वसतिगृहाच्या भोजन ठेक्यापासून सुरुवात करा, किंवा आपल्याच महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे किती अर्ज कोणत्या टेबलावर कधीपासून पडून आहेत ते पाहा. स्त्रियांच्या सुरक्षिततेबद्दल बोलायचे असेल, तर आसपासच्या दहा कंपन्या आणि महाविद्यालयांत कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने सक्तीची केलेली अंतर्गत समिती आहे का, तिच्यावर बाहेरची सदस्य कोण आहे, तिचा वार्षिक अहवाल कुठे जातो, हे विचारा. विषय निवडताना दोन कसोट्या लावाव्यात. झळ बसणारी माणसे तुमच्या चालत्या अंतरावर आहेत का, आणि त्या अन्यायाची नोंद कुठे ना कुठे कागदावर होते का. दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर विषय हातात घेण्याजोगा आहे. पहिले उत्तर ‘नाही’ असेल, तर तुम्ही दुसऱ्यांच्या दुःखावर बोलणारे वक्ते व्हाल. तसे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

कागद वाचणे हे मराठी माणसाला नवे नाही, उलट आपल्या सुधारणेच्या परंपरेचा हा थोडा विसरलेला भाग आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा ते एकवीस आणि त्या सतरा वर्षांच्या होत्या, हे शाळेतल्या भाषणांत दरवर्षी सांगितले जाते. १८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन मात्र फार कमी जण वाचतात. सरकारी तिजोरीत भर घालतो तो रयतेचा शेतसारा, आणि शिक्षणाचा पैसा खर्च होतो तो मुख्यतः वरच्या वर्गांच्या मुलांवर, हा त्यांचा मुद्दा जमाखर्चाचा होता. कर कोण भरतो आणि लाभ कुणाला मिळतो, असा थेट हिशेब त्यांनी आयोगापुढे मांडला. रोजगार हमीचेही तसेच. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास छोटा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर पसरली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. तो कायदा मोर्च्यांमुळे टिकला, हे खरे; त्या मोर्च्यांच्या मागण्या काम, हजेरी आणि मजुरीच्या दरांच्या होत्या, हेही तितकेच खरे.

कागद एकट्याने वाचला की माणूस तज्ज्ञ होतो, फार तर तक्रारखोर होतो. तो सोबतीने वाचला तर गाव बदलू शकते. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने हे दाखवून दिले आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावची घोषणा पुष्कळांना माहीत असते. त्यामागची अभ्यासगटाची पद्धत त्या मानाने कमी माहीत आहे. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनातून घडलेले मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरचे कार्यकर्ते आणि देवाजी तोफा हे गावातले तरुण, अशा माणसांनी तिथे एक रीत घालून दिली: अभ्यासगटात कुणीही यावे, कितीही वाद घालावा, कायदा वाचावा, बाहेरच्या जाणकाराला बोलवावे, निर्णय मात्र तिथे घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. शिकलेल्या पाहुण्याने गावावर निर्णय लादू नये आणि गावानेही अडाणीपणात निर्णय घेऊ नये, अशी दोन्हीकडची सोय या एका नियमात आहे. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव वाचायला तयार होते. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्याला मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी हे एक. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना, कारण वनखात्याच्या जुन्या समजुतीत बांबू म्हणजे इमारती लाकूड. नव्या कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपजांत स्पष्ट लिहिलेला होता. गाव त्या एका शब्दावर ठाम राहिले, आणि एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. शहरातून गावात किंवा सुखवस्तू कॉलनीतून वस्तीत ‘काम करायला’ जाणाऱ्यांनी मेंढ्याचा हा नियम पहिल्याच दिवशी पाळायला घ्यावा. तुम्ही वाचून दाखवा, समजावून सांगा, वाद घाला. काय करायचे ते ज्यांना परिणाम भोगायचे आहेत त्यांना ठरवू द्या.

आता शहरातले उदाहरण घेऊन जरा तपशिलात जाऊ, कारण तपशिलाशिवाय असल्या सल्ल्याला अर्थ नसतो. समजा, तुमच्या नगरपालिकेत रस्ते झाडणारे कंत्राटी कामगार आहेत आणि त्यांना किमान वेतन मिळत नाही अशी कुजबुज आहे. पहिल्या आठवड्यात कुठेही अर्ज करू नका. पहाटे ज्या चौकीवर हजेरी लागते तिथे जा, चहा प्या, ऐका. पगार बँकेत येतो की रोखीने, पगाराची पावती मिळते का, फंड कापला जातो असे सांगतात तो खात्यात दिसतो का, बँकेचे कार्ड मुकादमाने काढून घेतले आहे का, हे कामगारच सांगतील. आधीपासून काम करणारी युनियन असेल तर तिच्याशी बोला. तिला ओलांडून केलेले काम सहसा कामगारांच्याच अंगाशी येते. मग कागद मागा: निविदा, करारनामा, कार्यादेश, गेल्या तीन महिन्यांचे हजेरीपट, वेतनपत्रके, भविष्य निर्वाह निधीची चलने आणि कंत्राटदाराची मंजूर झालेली देयके. हे सात कागद शेजारी शेजारी ठेवले की बोलू लागतात. करारात माणसे साठ, हजेरीपटावर साठ, फंडाच्या चलनावर चाळीस. वेतनपत्रकावरचा दर दोन वर्षांपूर्वीचा. किमान वेतनातला विशेष भत्ता मात्र दर सहा महिन्यांनी बदलतो. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे इथे नगरपालिकेवर येते, ही गोष्ट कामगारांना तर सोडाच, कित्येक नगरसेवकांनाही माहीत नसते.

हे किती दूर जाऊ शकते, ते मुंबईत दिसले. महापालिकेने कचरा उचलण्याचे काम छोट्या छोट्या कंत्राटांत असे वाटले होते की एकेका कंत्राटात वीसपेक्षा कमी माणसे राहावीत. कंत्राटी कामगारांचा कायदा तेव्हा वीस किंवा त्याहून अधिक माणसे असतील तरच लागू व्हायचा. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा बनाव कागदोपत्री सिद्ध केला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्यानंतरही नावांच्या स्पेलिंगमधल्या फरकांवरून कित्येक जण अडकून पडले. आधार कार्डावर एक, हजेरीपटावर दुसरे. एवढा मोठा निकाल एका अक्षरापाशी अडतो, आणि ते अक्षर दुरुस्त करून देण्याचे काम बारावी झालेली कुठलीही मुलगी करू शकते. न्यायाच्या कामात तरुणांना जागा कुठे आहे असे विचारणाऱ्यांना हे एवढे उत्तर पुरावे.

माहितीचा अर्ज लिहिणे ही एक कला आहे आणि ती चार-सहा अर्जांत येते. महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’ चा नमुना वापरतात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात, विषय एकच ठेवतात आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत बसवतात. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. माहिती कशासाठी हवी हे सांगायचे बंधन नाही. विचारले तर नम्रपणे कलम ६(२) दाखवा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे हे त्यांचे काम आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा अर्धवट आले, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील. तिथेही निराशा झाली तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. नवशिके हमखास करतात ती चूक म्हणजे ‘का’ विचारणे. रस्ता का झाला नाही? पगार का थकला? मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे की कारणे आणि समर्थने ही या कायद्यातली ‘माहिती’ नव्हे; जे दप्तरात आहे तेच मागता येते. म्हणून ‘का’ काढून टाका आणि कागदाचे नाव, कालावधी, कामाचा क्रमांक घाला. ‘थकलेल्या पगाराचे कारण’ मागण्याऐवजी ‘अमुक ते अमुक महिन्यांच्या देयकांवरील टिपण्या आणि त्या कोणत्या टेबलावर किती दिवस होत्या याची नोंद’ मागा. कारण आपोआप कळेल.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येतो तो विचारी मुलांकडून, म्हणून तो गंभीरपणे घ्यायला हवा. जात, भांडवल, पुरुषसत्ता, हवामानबदल अशा प्रचंड रचनांपुढे हजेरीपट आणि चलन हे किती क्षुल्लक! नळाची गळती दुरुस्त करत बसण्याने धरण कसे बदलेल? याला दोन उत्तरे आहेत. एक, या रचना हवेत राहत नाहीत. कोणत्या वस्तीत नळ आला आणि कोणत्या नाही, कोणाच्या नावावर सातबारा आहे, सफाईच्या हजेरीपटावर एकाच समाजाची आडनावे का आहेत, यांतच त्या राहतात. हजेरीपट नीट वाचणाऱ्याला जातिव्यवस्थेवर वेगळे व्याख्यान लागत नाही. दोन, बारीक प्रश्न धरून बसलेल्यांनीच मोठे बदल घडवल्याचे दाखले वर आले आहेत. किमान मजुरीच्या प्रश्नातून माहितीचा कायदा निघाला. तरीही आक्षेपात तथ्य उरते, ते मान्य करावे. कागद दाखवतो ती कायद्याची मोडतोड; कायदाच अन्यायी असेल तर हजेरीपट गप्प बसतो. घरकाम करणाऱ्या बाईच्या पगाराचा कागदच नसतो. ऊसतोडणीला कोयत्याची उचल घेऊन जाणाऱ्या जोडप्याचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो आणि ती वही कुठल्याही अधिकारात मागता येत नाही. तिथे कागद मिळवण्याआधी तो निर्माण करावा लागतो: बायकांनी मिळून दरपत्रक ठरवणे, उचल आणि फेड यांची स्वतःची वही ठेवणे, टोळीत किती मुले शाळेबाहेर गेली याची यादी करणे. हमालही आधी असेच एकत्र येऊन संघटित झाले, आणि मग १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि आईवडील तो मुलांपेक्षा आधी घेतात. तो खोटा नाही. जमीन व्यवहार उघड करणारे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत होऊनही अंमलात आणला गेलेला नाही. अशा स्थितीत ‘घाबरू नका’ असे सांगणे बेजबाबदारपणाचे ठरेल. घाबरा, आणि त्याप्रमाणे वागा. जी माहिती एकाच माणसाकडे असते तिच्यासाठी त्या एका माणसाला गप्प करणे पुरते. तीच माहिती मांडवात चारशे लोकांनी ऐकली असेल तर कुणाला गप्प करणार? जनसुनवाईची पद्धत नैतिकदृष्ट्या सुंदर आहेच, ती सुरक्षेचीही पद्धत आहे. म्हणून अर्ज वेगवेगळ्या नावांनी करा, शक्यतो एखाद्या जुन्या संघटनेच्या किंवा वकिलाच्या सल्ल्याने. आलेली कागदपत्रे त्याच दिवशी चार ठिकाणी ठेवा. आपल्याच गावच्या वाळूच्या किंवा जमिनीच्या धंद्याला पहिल्याच वर्षी हात घालू नका. तिथे पैसा मोठा आणि माणसे निर्ढावलेली असतात. अर्जदारावर हल्ला झाला तर त्याने मागितलेली माहिती संबंधित कार्यालयाने उघड करावी, असा ठराव केंद्रीय माहिती आयोगाने २०११ मध्ये केला होता. तो पुरेसा नाही, पण संकटात दाखवायला हाताशी असावा.

कायदाच आता बोथट झाला आहे, असेही कुणी म्हणेल. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याची सूत्रे केंद्राकडे गेली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याने आठव्या कलमातला वैयक्तिक माहितीचा अपवाद रुंद केला. आयोगांकडे दुसरी अपिले वर्षानुवर्षे पडून असतात. हे सगळे खरे आहे आणि यांतले काहीही आपोआप सुधारणार नाही. पण त्याच आठव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद शाबूत आहे, आणि चौथ्या कलमाने कार्यालयांनी स्वतःहून प्रसिद्ध करायच्या गोष्टींची मोठी यादी दिलेली आहे. ती यादी आपल्या नगरपालिकेच्या संकेतस्थळाशी ताडून पाहणे हे कुठल्याही महाविद्यालयीन गटाचे पहिले काम होऊ शकते. सामाजिक अंकेक्षणाबद्दलही, म्हणजे लोकांनीच सरकारी कामांचे हिशेब तपासण्याबद्दलही, भाबडे राहू नये. आंध्र प्रदेशात २००६ पासून मजुरांच्याच घरांतल्या शिकलेल्या मुलामुलींना प्रशिक्षण देऊन शेजारच्या गावांत रोजगार हमीच्या कामांची तपासणी करायला पाठवले गेले. त्यांनी गैरव्यवहार मोठ्या प्रमाणावर शोधून काढले. त्या मानाने वसूल झालेला पैसा फार थोडा. याचा अर्थ तपासणी निरुपयोगी असा होत नाही. शोधणे आणि शिक्षा होणे यांत जे अंतर असते त्याचाही पाठपुरावा कुणीतरी करावा लागतो, आणि तो कंटाळवाणा असतो, म्हणून फारसे कुणी करत नाही.

राहिला प्रश्न वेळेचा आणि पोटाचा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या, संध्याकाळी डिलिव्हरीचे काम करणाऱ्या मुलाला ‘अठरा वर्षे टिकून राहा’ असे सांगणे ही थट्टा आहे. देवडूंगरीच्या कार्यकर्त्यांनी संस्थांची मोठी देणगी न घेता किमान वेतनाएवढ्या मानधनावर राहण्याचा रस्ता धरला. तो सगळ्यांना परवडणारा नाही, सगळ्यांनी धरावा असेही नाही. टिकून राहायचे असते ते गटाने. एकेका माणसाने त्यात आठवड्याचे तीन तास दिले तरी चालते. पाच-सात जणांचा गट करा. एकाने अर्ज आणि तारखांची वही सांभाळावी, एकाने आकडेमोड, दोघांनी वस्तीतली जा-ये. नोकरी लागून कुणी पुण्याला किंवा दुबईला गेले तर जाण्याआधी त्याने वही दुसऱ्याच्या हाती द्यावी. माझ्या मते ही वही गटाची सर्वांत मोलाची मालमत्ता आहे. नेता गेल्याने जेवढे गट मोडतात त्याहून अधिक गट कागद हरवल्याने मोडतात. परदेशात किंवा मोठ्या शहरात गेलेल्या सभासदाला काम नाही असेही नाही. संकेतस्थळांवरून निविदा उतरवून घेणे, दोन वर्षांचे दर तक्त्यात मांडणे, अपिलाचा मसुदा तपासणे ही कामे कुठूनही होतात. समाजमाध्यमांचीही जागा इथेच, शेवटी. कागद हाती नसताना टाकलेली पोस्ट बदनामीच्या नोटिशीला आमंत्रण देते. कागदासह, आणि ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्या संमतीने टाकलेली पोस्ट अधिकाऱ्याला उत्तर द्यायला लावते.

सुरुवातीला तर अर्जाचीही गरज नाही. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये एक परिपत्रक काढून जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहायला उपलब्ध करून द्यावेत असे सांगितले आहे. बऱ्याच कार्यालयांत ते कुणाच्या लक्षात नसते, म्हणून परिपत्रकाची प्रत सोबत ठेवा. येत्या सोमवारी दोघा-तिघांनी मिळून जा, ओळखपत्र आणि वही-पेन घ्या, आवाज चढवू नका, एकाच कामाची फाइल मागा आणि ती पहिल्या टिपणीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचून या.